मागची नोकरी कां सुटली?

खानदेशांत आखाजी हा लेकींचा सण. अक्षय्यतृतीयेच्या आधीं चार दिवस माहेरवाशिणी घरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि उन्हाच्या काहिलींतहि घर कसें भरून जातें. यंदा आमच्या धरणगांवच्या घरीं दोघी मुली आल्या, एक भाची आली, आणि कोणीहि न बोलावतां आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीवहि आले. पुण्यास एका खासगी कंपनींत हिशेबाच्या कामावर हा मुलगा चार वर्षें होता. दिवाळीखेरीज त्यास कधीं रजा मिळाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. सण झाला, पुरणपोळ्या संपल्या, लेकी सासरीं गेल्या. चिरंजीव मात्र हालेनात. सकाळीं उशिरा उठावें, दुपारीं माडीवर पडावें, आणि संध्याकाळीं स्टेशनपर्यंत चालत जाऊन सुरतेकडच्या व भुसावळकडच्या गाड्या पाहून परत यावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

एकत्र कुटुंबाची रीत मोठी चमत्कारिक असते. कुणाचें पोट दुखूं लागलें तर दहा जण ओवा घेऊन धांवतात. परंतु कुणाची नोकरी गेली असावी असा संशय आला, कीं सारें घर एकाएकीं फार सभ्य होतें. कोणी कांहीं विचारीना. वहिनी त्याच्या ताटांत तूप जास्त वाढूं लागल्या, एवढाच काय तो फरक.

पंधराव्या दिवशीं त्यानें आपण होऊनच सांगितलें. महिनाअखेरच्या रात्रीं वरिष्ठांनीं फोनवरून आपला पासवर्ड सांगितला आणि ‘माझ्या नांवानें उरलेलीं बिलें मंजूर करून टाक’ म्हणून फर्मावलें. यानें तीं केलीं. त्यांतलें एक बिल पुढें खोटें निघालें. चौकशी झाली, तेव्हां वरिष्ठांनीं कानांवर हात ठेवले. चिरंजीवांस मात्र ‘विश्वासभंग’ असें कारण दाखवून काढून टाकण्यांत आलें. एका पैशालाहि त्यानें हात लावला नव्हता. तरीहि हात आपला आणि नांव दुसऱ्याचें असें काम करूं नये, एवढें आपणांस त्या रात्रींहि कळत होतें, हें त्यानें खालीं मान घालून कबूल केलें.

नोकरी गेल्याचें दुःख होतेंच. परंतु त्याची खरी अडचण पुढची होती. दोन ठिकाणीं तो मुलाखतीस जाऊन आला होता. दोन्हीकडे सारें सुरळीत चाले, आणि मग तो प्रश्न येई: ‘मागची नोकरी कां सुटली?’ त्या प्रश्नासरशीं त्याची जीभ टाळूस चिकटे. एकदां तो म्हणाला, ‘मीच सोडली’. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘मतभेद झाले’. दोन्ही उत्तरें देतांना आपला चेहरा आपल्याविरुद्ध साक्ष देत आहे असें त्यास वाटत राहिलें.

त्या रात्रीं जेवणानंतर घरांत सभाच भरली. आमच्या थोरल्या बंधूंनीं प्रथम सूचना मांडली, “वडिलांची प्रकृति बिघडली म्हणून गांवीं यावें लागलें, असें सांग. लागल्यास मी चार दिवस अंथरुणावर पडून राहतों.” वहिनींनीं ‘अभद्र बोलूं नका’ म्हणून ती हाणून पाडली. आमची बहीण म्हणाली, “स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत होतों म्हणावें, हल्लीं घरोघरीं तोच तर चालला आहे.” तिची सूचना बहुमतानें मान्य होण्याच्या बेतांत होती, पण आमचे जांवई, जे संगणकाच्या धंद्यांत आहेत, त्यांनीं फोनवरून तींत पाणी ओतलें. त्यांनीं सांगितलें, कीं २०१४ सालापासून भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदास एकच कायमचा क्रमांक मिळतो. नोकऱ्या बदलल्या तरी तो बदलत नाहीं, आणि कोणत्या मालकाकडे कोणत्या तारखेस लागलों व कोणत्या तारखेस सुटलों याची नोंद त्याखालीं राहते. शिवाय मोठ्या कंपन्या माणसें नेमून मागच्या मालकाकडे चौकशी करवितात. आमच्या काळीं माणूस गांव बदलून मागचें आयुष्य मागें ठेवूं शके. आतां तें त्याच्या आधींच नव्या कचेरींत जाऊन बसलेलें असतें.

आमचे मेहुणे वकील आहेत. त्यांनीं चष्मा लावून कंपनीचें पत्र मागविलें आणि प्रत्येक शब्दाखालीं बोट फिरवीत वाचलें. “पहिली गोष्ट, पत्रांत जो शब्द असेल तोच तोंडांत असावा,” ते म्हणाले. “सरकारी नोकरींत ‘बडतर्फ करणें’ वेगळें आणि ‘सेवेंतून काढून टाकणें’ वेगळें, बडतर्फ झालेल्या माणसास पुढें सरकारी नोकरीचें दार सामान्यतः बंद होतें, नुसतें काढलेल्यास तसें होत नाहीं. तुझ्या पत्रांत सेवासमाप्ति म्हटलें आहे. तेवढेंच सांग, कमीहि नको, जास्तहि नको.” मग त्यांनीं सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ सालचा अवतार सिंग खटल्याचा निकाल सांगितला. तो प्रश्न नोकरीच्या अर्जांत फौजदारी खटल्यांची माहिती दडविण्याचा होता. परंतु त्यांतलें तत्त्व घरांत लावून ठेवण्याजोगें आहे. विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे, असें न्यायालयानें म्हटलें. खरी दिली म्हणजे नोकरी द्यावीच असें मालकावर बंधन नाहीं, तो पूर्वेतिहासाचा विचार करूं शकतो. परंतु दडविली, तर मिळालेली नोकरीहि जाऊं शकते.

“म्हणजे खरें बोलून लाभ निश्चित नाहीं, आणि खोटें बोलून तोटा निश्चित!” आमचे बंधु उसळून म्हणाले. त्यांचें इतिहासाचें वाचन दांडगें आहे. “खरें बोलणाऱ्यांचें काय होतें तें क्रॉफर्ड प्रकरणांतल्या मामलेदारांस विचारा.” १८८८ सालच्या त्या चौकशींत, तुम्हांस इजा होणार नाहीं असें सरकारनें वचन दिलें, म्हणून आपण लांच दिली अशी साक्ष मामलेदारांनीं उघडपणें दिली. पुढें गवगवा झाला, लांच दिल्याचें स्वतः कबूल करणारे न्यायासनावर कसे बसतात असा प्रश्न विलायतेंत निघाला, आणि त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. टिळकांनीं त्यांची बाजू घेऊन ‘केसरी’ गाजविला, तो यामुळेंच. बंधूंच्या या उदाहरणानें सभा क्षणभर स्तब्ध झाली. सत्याचा जय होतो हें आम्हीं लहानपणीं कित्त्यांत गिरविलें आहे. तो किती वर्षांनीं होतो आणि तोंपर्यंत खावें काय, हें कित्त्यांत नसतें.

आम्ही त्या सभेंत एक शब्दहि बोललों नाहीं. घरांतल्यांस त्याचें नवल वाटलें असावें, कारण एरवीं सल्ला देण्याची संधि आम्ही सोडीत नाहीं. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर आम्हींहि एकदां दिलें होतें, आणि तें काय दिलें हें घरांत कुणासहि ठाऊक नव्हतें. सारे निजल्यावर आम्हीं पुतण्यास गच्चीवर बोलावलें.

ही गोष्ट १९८१ सालची. आम्ही चोवीस वर्षांचे होतों आणि जिल्ह्यांतल्याच एका गांवीं डाळीच्या गिरणीच्या कचेरींत कारकून होतों. बाहेर जाणाऱ्या ट्रकमधलीं पोतीं फाटकावर मोजून जावकवहींत सही करावयाची, हें आमचें काम. फाटकावर एक राखणदार असे. भिल्ल समाजाचा, वयानें आमच्या वडिलांएवढा. एका सणाच्या आदल्या संध्याकाळीं आम्हांस घरची गाडी गांठावयाची होती. ट्रक भरून उभा होता, हमालांची घाई चालली होती. आम्हीं पोतीं न मोजतांच वहींत सही केली आणि स्टेशन गांठलें. पोतीं अकरा चुकलीं. कुणीं चुकविलीं तें अखेरपर्यंत कळलें नाहीं. सही मात्र आमची होती. सणानंतर कामावर गेलों त्याच दिवशीं मालकानें आम्हांस काढलें. राखणदारासहि काढलें.

घरीं आम्हीं सांगितलें, ‘तेथील हवा मानवली नाहीं.’ पुढच्या मुलाखतींत सांगितलें, ‘घरगुती अडचणींमुळें सोडली.’ समोरच्या गृहस्थांनीं मान डोलावली, कागदावर कांहीं लिहिलें, आणि आम्हांस नोकरी मिळाली. त्याच कचेरींत आम्हीं तेहतीस वर्षें काढलीं. म्हणजे खोटें बोलणें आम्हांस फळलें, असेंच कुणीहि म्हणेल.

परंतु तेहतीस वर्षें आम्ही त्या एका वाक्याची राखण करीत होतों. सहा वर्षांनीं गिरणीचे मुनीम कांहीं कामानिमित्त आमच्या टेबलापाशीं आले, ओळखीचें हंसले आणि ‘बरें चाललें आहे ना?’ एवढेंच विचारून गेले. आम्हांस महिनाभर झोंप लागली नाहीं. पुढें दोनदां आम्हांस खजिनदाराची जागा देऊं केली. त्या जागेसाठीं जामीनखत लागे, आणि मागच्या नोकरीविषयीं पुन्हां विचारणा होई. आम्हीं दोन्ही वेळां ‘पैशाची जबाबदारी नको’ म्हणून नकार दिला. आमच्या मागून लागलेलीं माणसें पुढें गेलीं. आमच्या घरांतून आम्हांस महत्त्वाकांक्षा नाहीं असें कित्येक वर्षें बोललें गेलें, तें आम्हीं निमूटपणें ऐकून घेतलें. कारण खरें कारण त्याहून लाजिरवाणें होतें. मुलींच्या शिक्षणाच्या वेळीं जो हात आंखडावा लागला, त्याचें कारणहि तीं अकरा पोतीं नव्हत. तें एक वाक्य होतें.

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, म्हणजे खरें सांगावें हें कळलें. पण कसें सांगावें?”

प्रश्न योग्य होता. खरें सांगावें हें म्हणणें सोपें. त्यासाठीं शब्द सांपडणें कठीण. या प्रश्नाचा विचार धरणगांवांत बसून करणाऱ्या माणसास एक जुनी गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. धरणगांव म्हटलें कीं मराठी वाचकांस बालकवि ठोमरे आठवतात, आणि तें उचितच आहे; १८९० सालीं ते येथेंच जन्मले. परंतु त्याआधीं पांसष्ट वर्षें हें गांव निराळ्या कारणानें नांवास आलें होतें.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला, तेव्हां येथील डोंगरांतून भिल्लांचीं बंडें चालू होतीं. गांवें राखण्याचें काम ज्यांचें, त्या कामाचे हक्क ज्यांस पिढ्यान् पिढ्या मिळत, तेच लोक अंदाधुंदींत हक्क बुडाल्यावर लुटारू म्हणून ओळखले जाऊं लागले. सरकारनें सात वर्षें मोहिमा काढल्या. माणसें मेलीं, पकडलीं गेलीं, पण डोंगर शांत झाले नाहींत. अखेर एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां १८२५ सालीं धोरण पालटलें, आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें काम जेम्स औट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आलें. त्या पलटणीचें ठाणें धरणगांव.

औट्रम कंपनीचा नोकर होता आणि भिल्लांस भिल्लांकडूनच काबूंत ठेवावें हा त्या योजनेंतला हिशेब उघड आहे. त्याची पूजा बांधण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु नोकरीस घेणाऱ्यानें माणसाच्या पूर्वायुष्याकडे कसें पाहावें, याचा एक धडा त्यांत आहे. ज्यांस नोकरी द्यावयाची, त्यांच्याजवळ चांगल्या वर्तणुकीचा दाखला कुठून असणार? औट्रमनें तो मागितला नाहीं. तो नाइकांबरोबर एकटा रानांत गेला. त्यांस ब्रँडी पाजून आपण मन जिंकलें आणि जवळ राखण न ठेवतां त्यांच्यांत राहून विश्वास मिळविला, असें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. पहिल्यानें पांच जण तयार झाले. त्या पांचांची पुढें पलटण झाली. ही पलटण मालेगांवच्या छावणीस गेली, तेव्हां तेथल्या शिपायांनीं त्यांची टवाळी न करतां त्यांस बरोबरीचे म्हणून वागविलें आणि पानसुपारी केली. दोन्ही बाजूंस भय होतें. ज्यानें हत्यार आधीं खालीं ठेवलें, त्याच्यामुळें बोलणें सुरू झालें.

याच औट्रमवर पुढें नोकरीवरून दूर होण्याचा प्रसंग आला. १८४७ सालीं तो बडोद्यास रेसिडेंट झाला. बडोद्याच्या दरबारांतून मुंबईस पैसा चारला म्हणजे हवें तें करून घेतां येतें, अशी समजूत तेव्हां पसरलेली होती. त्या व्यवहाराला इंग्रजी कागदपत्रांतसुद्धां आपलाच मराठी शब्द आढळतो: खटपट. १८५१ सालीं औट्रमनें या खटपटीविषयीं सडेतोड अहवाल पाठविला आणि मुंबई सरकारनें त्यालाच बडोद्याहून दूर केलें. तो विलायतेस गेला, कंपनीच्या संचालकांपुढें दाद मागितली, प्रकरणाचे कागद पार्लमेंटपुढें जाऊन छापले गेले. संचालकांनीं त्याची तळमळ व धडाडी मान्य केली. आपल्या सरकारशीं त्यानें वापरलेली भाषा मात्र त्यांस रुचली नाहीं. १८५४ सालीं तो पुन्हां बडोद्यास रेसिडेंट म्हणून रुजू झाला. त्याची बाजू खरी होती तरी त्याला तिच्यासाठीं तीन वर्षें आणि कागदांचे गठ्ठे खर्ची घालावे लागले, आणि एवढें करूनहि बोलण्याच्या रीतीबद्दलचा ठपका राहिलाच.

दुसरें उदाहरण बंगालचें, पण त्याचा शेवट महाराष्ट्रांत होतो. सुरेंद्रनाथ बॅनर्जी सिल्हेटला सनदी नोकरींत असतां एका आरोपीचें नांव फरारी आसामींच्या यादींत चुकीनें गेलें. कारकुनानें पुढें केलेल्या कागदांवर आपण नेहमीप्रमाणें सही केली, असें त्यांचें म्हणणें होतें. १८७४ सालीं त्यांस नोकरींतून काढण्यांत आलें. दाद मागण्यासाठीं ते विलायतेस गेले, ती मिळाली नाहीं. बॅरिस्टरीची सनदहि याच कारणावरून नाकारली गेली. परत आल्यावर त्यांची हकीकत साऱ्या देशास ठाऊक होती, दडविण्यास जागाच नव्हती. तें सारें माहीत असतांना ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं आपल्या मेट्रोपॉलिटन कॉलेजांत त्यांस इंग्रजीचे अध्यापक नेमलें. वीस वर्षांनीं, १८९५ सालीं, पुण्यास काँग्रेस भरली तिचे अध्यक्ष हेच सुरेंद्रनाथ. न पाहतां केलेल्या एका सहीनें माणूस संपत नाहीं, हें त्यांनीं दाखविलें. पण त्यासाठीं कुणीतरी विद्यासागर भेटावा लागतो, हेंहि खरें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे माडीवर बसलों आणि उत्तर लिहूं लागलों. पुतण्याचा पहिला खर्डा सात पानांचा झाला. त्यांत वरिष्ठांचा स्वभाव होता, चौकशींतला अन्याय होता, कुणाचे कुणाशीं लागेबांधे होते तें होतें. सारें खरें असेल. पण तो औट्रमचा अहवाल झाला होता. आम्हीं त्यास म्हटलें, “बाबा, नवा मालक म्हणजे अपील कोर्ट नव्हे. मागचा खटला त्याच्यापुढें पुन्हां चालवून जिंकलास, तरी तो तुला नोकरी देईल असें नाहीं. उलट उद्यां आपल्याविषयींहि हा असाच सात पानें बोलेल, असें त्याच्या मनांत येईल. त्याला फक्त दोन गोष्टी कळावयास हव्या असतात. याला आपली चूक समजली आहे काय? आणि ती माझ्याकडे पुन्हां होईल काय?” कुणास काय म्हणावयाचें, हें ठरल्यावर काटछांट सोपी झाली. दुसऱ्या दिवशीं तीन पानें राहिलीं, तिसऱ्या दिवशीं एक. आठव्या दिवशीं चार वाक्यें उरलीं, तीं अशीं:

“वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांच्या पासवर्डनें मीं बिलें मंजूर केलीं, त्यांतलें एक खोटें निघालें आणि कंपनीनें माझी सेवा समाप्त केली. पैसा मीं घेतलेला नाहीं, परंतु तें काम करणें चूक होतें आणि नाहीं म्हणण्याचें धैर्य मला त्या वेळीं झालें नाहीं. दुसऱ्याच्या नांवानें कोणतेंहि काम मी यापुढें करणार नाहीं, मग तें कुणींहि सांगितलेलें असो. हवें तर पहिले सहा महिने माझें प्रत्येक काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावें.”

हीं वाक्यें पाठ करूं नयेत, असें आम्हीं त्यास बजावलें. पाठ केलेलें सत्य खोट्यासारखें ऐकूं येतें. वहिनींपुढें, बंधूंपुढें, मेहुण्यांपुढें त्यानें तीं आपल्या शब्दांत बोलून पाहिलीं. पहिल्यांदा आवाज कांपला. पांचव्यांदा त्यानें आईच्या डोळ्यांकडे पाहून तीं म्हटलीं, आणि चौथें वाक्य झाल्यावर तो थांबला. हें थांबणें सर्वांत कठीण गेलें. समोरचा गप्प बसला कीं माणसास आणखी कांहीं बोलावेंसें वाटतें, आणि त्या आणखी कांहींतच सारें बिघडतें.

मग तो मुलाखतींस जाऊं लागला. एका ठिकाणीं त्याचें ऐकून घेतलें आणि पुढें कांहीं कळविलें नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं तोंडावरच नकार मिळाला. बंधूंनीं आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें, कीं मामलेदारांची हकीकत त्यांस पुन्हां सांगावी लागली नाहीं. तिसरी जागा नाशिकच्या एका लहानशा कारखान्यांत होती. मालकांनीं चारी वाक्यें ऐकलीं आणि विचारलें, “त्या वरिष्ठांचें नांव काय?” पुतण्या म्हणाला, “क्षमा करा, तें मी सांगूं इच्छीत नाहीं. माझी चूक तेवढी मला सांगतां येईल.” मालकांनीं त्याला सहा महिन्यांच्या कराराने घेतलें. पगार पुण्याच्या मानानें बराच कमी आहे, आणि त्याचें काम खरोखरीच दुसरा गृहस्थ तपासतो. त्यास त्याचें वाईट वाटत नाहीं. “रात्रीं झोंप लागते, काका,” असें त्यानें परवां फोनवर सांगितलें. सहा महिन्यांनंतर काय होईल तें आज कुणास सांगतां येणार नाहीं.

हा लेख आम्ही येथेंच पुरा करणार होतों. टपालांत टाकण्यापूर्वीं तो आम्हीं आमच्या घरांत वाचावयास दिला. तेहतीस वर्षें जें सांगितलें नाहीं, तें समोर बसून सांगण्याचा धीर याहि वेळीं झाला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्यांनीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो शेवटपर्यंत वाचला. खजिनदाराच्या जागेविषयीं त्या कांहीं बोलतील अशी आमची अटकळ होती. त्याविषयीं त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. कागद घडी करून परत देतांना त्यांनीं एवढेंच विचारलें, “आणि त्या राखणदाराचें पुढें काय झालें?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारण आम्हीं तें कधीं विचारलेंच नव्हतें. आणि गच्चीवर पुतण्यास सुद्धां आम्हीं गोष्ट अर्धीच सांगितली होती. त्या संध्याकाळीं फाटक उघडण्यापूर्वीं राखणदारानें आम्हांस विचारलें होतें, “साहेब, मोजलीं ना?” आम्हीं म्हटलें, “मोजलीं, जाऊं दे.” आमच्या शब्दावर त्यानें फाटक उघडलें. मालकापुढें आम्ही उभे होतों तेव्हां तोहि पलीकडे उभा होता. आम्हांस चार प्रश्न तरी विचारले गेले. त्याला एकहि विचारला नाहीं. त्याची जात हेंच त्याच्याविरुद्धचें कारण मालकास पुरेसें वाटलें, आणि आम्ही गप्प राहिलों, कारण बोललों असतों तर आमचें खोटें उघडें पडलें असतें. आम्हांस निदान पुढची मुलाखत तरी मिळाली. त्याला कोणी खुर्ची देऊन ‘मागची नोकरी कां सुटली?’ असें विचारलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पुतण्यासाठीं चार वाक्यें शोधण्यास आम्हांस आठ दिवस लागले. त्या गृहस्थासाठीं एकच पुरलें असतें: ‘त्यानें विचारलें होतें, मोजलीं म्हणून आम्हींच सांगितलें.’ तें त्या दिवशीं मालकापुढें म्हणावयाचें होतें. आज येथें लिहीत आहों. तो आतां हयात असण्याचा संभव थोडा. पण मुलेंबाळें असतील, आणि गिरणीवरून वडिलांस कां काढलें हें त्यांनाहि कुणीं सांगितलें नसेल. आमच्या घरांतून येत्या सोमवारच्या सकाळच्या गाडीनें जाण्याचें ठरविलें आहे. आम्हांस विचारलेलें नाहीं. बरोबर चला, एवढेंच सांगितलें आहे.